परत आलेले फोटो

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोलले तर ते कुठून येतंय ते कळेल. शाळा बडोद्यातल्या रावपुऱ्यातली, मराठी माध्यमाची, दर वर्षी एकेक तुकडी कमी होत चाललेली. मी विज्ञान शिकवायची. शिक्षकांच्या खोलीत आम्हा दोघींची टेबलं समोरासमोर होती. शाळेतला छायाचित्रणाचा छंदवर्ग मी चालवत होते. माझ्याकडे कॅमेरे दोन, लेन्स चार, तिपाई एक, आणि शिबिरांची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली. बाईंकडे भाच्याने वापरून टाकलेला एक जुना कॅमेरा होता. त्याच्या अर्ध्या बटणांना त्यांनी कधी हातही लावला नव्हता. पण फोटो माझ्यापेक्षा चांगले त्यांचेच यायचे.

एवढं एक वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

बाई फोटो काढायच्या ते फक्त थंडीत, आणि फक्त खेड्यात. पादऱ्याच्या रस्त्यावर आत वळलं की चार-पाच गावं लागतात, तेवढाच त्यांचा मुलूख. बडोद्याची थंडी ती काय, पण बाईंनी तिचं मोठं प्रस्थ करून ठेवलं होतं. नागरवाड्यातल्या त्यांच्या घरी न्हाणीघराच्या खिडकीत खोबरेलाची बाटली असायची. ज्या सकाळी ते तेल गोठलेलं सापडे, त्या दिवशी मोसम सुरू. शाळेत आल्या आल्या दारातूनच ओरडायच्या, "गोठलं!" नव्या आलेल्या शिक्षिकेला वाटायचं, बाईंच्या घरी काहीतरी बरंवाईट झालं. मग तेल सकाळी पातळ दिसेपर्यंत दर रविवारी बाईंची स्कूटर गावाकडे. पातळ दिसलं की कॅमेरा कपाटात, थेट पुढच्या वर्षापर्यंत.

एका वर्षी नाताळची सुट्टी संपत आली तरी तेल गोठेना. बाई हवालदिल. मी साळसूदपणे म्हटलं, "बाई, बाटली तासभर फ्रीजमध्ये ठेवा की."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेचा पेपर फोडा म्हणाले होते. त्या वर्षी त्यांना जेमतेम चार रविवार मिळाले. मला आनंद झाला. आनंद झाला, हेही सांगून टाकते.

थंडीच का, असं मी त्यांना विचारलं होतं. त्या शर्टाची काजं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उन्हाळ्यात माणसं डोळे बारीक करतात. पावसाळ्यात पळतात. थंडीतच काय ती एका जागी बसतात." मी छंदवर्गात मुलांना प्रकाश, छाया, कोन असलं काय काय तासन्‌तास शिकवत होते. बाईंनी तीन वाक्यांत आटपलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाईंची फोटो काढायची रीत कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत. गावात गेलं की आधी कुणाच्या तरी शेकोटीपाशी फतकल मारून बसायचं. विणकाम काढायचं. अर्धा तास सुया चालायच्या, गप्पा चालायच्या, तुरीच्या शेंगा सोलायला कुणी सुपात टाकल्या तर त्याही सोलायच्या. मग कुणीतरी म्हणणारच, "बेन, फोटो तो पाडो!" फोटो काढा म्हटलं की बाई उठायच्या. गावच्या लोकांना फोटो म्हणजे काय ते नीट माहीत असतं. ते डोक्याला पाणी लावून भांग पाडतात, सगळ्यात नवा पदर घेतात, हात सरळ खाली सोडून दाराशी उभे राहतात आणि श्वास रोखून धरतात. बाई तस्साच फोटो घ्यायच्या, अगदी मन लावून. मग "थई गयुं!" असं ओरडून, म्हणजे झालं असं सांगून, परत खाली बसायच्या. माणसं सैल पडायची. कुणी हसायचं, कुणी खोकायचं, कुणी शेकोटीत काटकी सारायचं. आणि बाईंचा दुसरा फोटो तेव्हा निघायचा.

तो कसा निघतो, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. त्यांनी कॅमेऱ्यासाठी जुन्या उशीच्या अभ्र्याची एक पिशवी शिवली होती. पिशवीच्या पुढच्या बाजूला लेन्सच्या मापाचं गोल भोक, आणि त्याला कडेने काजाचा टाका घातलेला, इतका सुबक की शाळेच्या शिवणप्रदर्शनात ठेवावा. पिशवी मांडीवर, हात पिशवीत, नजर बोलणाऱ्या माणसाकडे. बटण आत दाबलं जायचं.

मला हे कळलं तेव्हा मी त्यांना भर शिक्षकखोलीत गाठलं. "बाई, ही चक्क चोरी आहे."

"आहेच मुळी," बाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारायला जायचं."

पुढच्या रविवारी त्या दोन्ही फोटो छापून त्या माणसाला नेऊन द्यायच्या, उभा आणि बसलेला. माणूस उभा फोटो घ्यायचा, डोळे भरून बघायचा, घरातल्यांना हाका मारायचा. आणि बसलेला हळूच परत करायचा. बाईंना वाईट वाटू नये म्हणून आवाज खाली आणायचा. "बेन, आ जरा खराब आव्यो छे. तमे राखो." बाई मान डोलवून तो खराब फोटो घेऊन यायच्या. परत आलेला फोटो बाईंचा. पण एखाद्याने दुसराही ठेवून घेतला, तर तो त्याचा झाला. मग बाई त्याच्या देखत कॅमेऱ्यातून तो पुसून टाकत. घरी प्रत नाही, फोनवर नाही, कुठे काही नाही.

म्हणजे बाईंचा सगळा संग्रह लोकांनी नाकारलेल्या फोटोंचा होता. शेकोटीवर तळवे धरलेली म्हातारी, जांभई देणारा सरपंच, म्हशीच्या पाठीला पाठ लावून ऊब घेणारी बाई. हे सगळे फोटो त्या बटणांच्या डब्यात ठेवत. काहींवर मागे हळदीची बोटं उठलेली असत.

माझ्या फोटोंबद्दल बाई काय म्हणायच्या, तेही लिहायला हवं. मी दर वर्षी कच्छ, पावागड, कुठे कुठे जाऊन पाचशे-पाचशे फोटो आणायची. त्यातले निवडून वीस त्यांच्यापुढे ठेवायची. आपल्या परत आलेल्या फोटोंचे त्या दोन ढीग करत, "आला" आणि "नाही आला". माझे फोटो मात्र एकेक करून नीट बघायच्या, चष्मा पुसून पुन्हा बघायच्या आणि म्हणायच्या, "स्वच्छ आहेत हं." धुतलेल्या भांड्यांना म्हणतात तसं. दहा वर्षं मी "स्वच्छ" ऐकलं. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "आला" ऐकायचं होतं. बक्षिसं मला मिळत होती, पण बक्षिसांनी हे भागत नव्हतं.

त्यात एका डिसेंबरात एक गृहस्थ शाळेत आले. शहरातल्या एका लहानशा कलादालनात ते प्रदर्शनं भरवत. माझे फोटो बघायलाच आले होते. मी टेबलावर सगळे मांडले, त्यांना चहा मागवला. चहा आला आणि शिपाईमामांनी समोरच्या टेबलावरचं काहीतरी ओढून कपाखाली ठेवलं. गृहस्थांनी कप उचलला आणि खालचं बघतच राहिले. बाईंचा जांभई देणारा सरपंच. त्याच्या कपाळावर चहाचं वर्तुळ उमटलं होतं.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"खराब आलाय तो," बाई समोरून म्हणाल्या. "पुसून द्या, मला त्यावर खडूचे तुकडे ठेवायचेत."

प्रदर्शन फेब्रुवारीत भरवायचं ठरलं. एक भिंत माझी, एक बाईंची, आणि दारातून आत शिरताच समोर एक मोठा फोटो, दोघींपैकी कुणाचा तरी. तो कुणाचा, हे नंतर ठरणार होतं. त्या रात्री मी जेवले नाही. घरी सांगितलं, पोटात दुखतंय. ते खोटं नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी बाईंच्या मागे लागले, "मलाही न्या." त्या खुशीने तयार झाल्या, हे माझं आणखी एक दुखणं. मी असते तर नेलं नसतं. सकाळी सहाला त्यांच्या स्कूटरवर मागे मी, मांडीवर माझी अवजड बॅग, कानाला मफलर. गावात शिरलो तर घराघरांतून "आवो बेन, आवो बेन". मला एकीने विचारलं, "तमे बेनना बेन छो?" म्हणजे तुम्ही बाईंच्या बहीण का. मी नाही म्हटलं.

कमळाबेनच्या अंगणात शेकोटी होती. कमळाबेन साठीच्या पुढच्या, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर, पुढचे दोन दात पडलेले. त्यामुळे बोलताना कायम पदर तोंडावर. बाई खाली बसल्या, सुया काढल्या. मी उभीच राहिले. गुडघ्यांचं दुखणं मी सगळ्या शाळेला सांगून ठेवलेलं होतं. खरं म्हणजे मला नवी पॅन्ट शेणामातीत टेकवायची नव्हती. उभा फोटो झाला. "थई गयुं!" कमळाबेन खाली बसल्या आणि नवऱ्याने चहात साखरेऐवजी मीठ घातल्याची कुठलीशी जुनी गोष्ट सांगू लागल्या. सांगता सांगता पदर सुटला, तोंड उघडलं, आणि त्या अशा काही हसल्या की शेकोटीतला धूरसुद्धा हलला.

मी तेव्हा लेन्स बदलत होते.

त्या आठवड्यात मी माझे फोटो घ्यायला छपाईच्या दुकानात गेले. दुकानदार आम्हा दोघींना ओळखणारा. म्हणाला, "बेनचेही तयार आहेत, नेता का?" मी पाकीट घेतलं आणि दुकानातच उघडलं. दुसऱ्याचं पाकीट उघडू नये हे मला कळतं. हसणाऱ्या कमळाबेन वरच होत्या. जमिनीलगतून घेतलेला फोटो. पुढे जळत्या काटक्या, मागे धूर, आणि मधे ते उघडं, दात नसलेलं तोंड. बघताना आपणही हसायला लागतो असा. माझ्या दहा वर्षांत असा एकही नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कौतुकाचं नव्हतं.

"बाईंनी याची फाईल मागितली आहे," मी दुकानदाराला म्हटलं. त्याने ती माझ्या पेनड्राइव्हवर घालून दिली आणि नेहमीप्रमाणे आपल्याकडची पुसून टाकली. मी मनाशी म्हटलं, नुसती बघायला हवी. कमळाबेन नाहीतरी फोटो परत करणारच, मग तो बाईंच्या भिंतीवर लागेल आणि माझ्या पेनड्राइव्हचं कुणाला काही नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बाईंबरोबर गेले. कमळाबेननी उभा फोटो बघितला, हसल्या. दुसरा हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. मग नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "अरे जुओ तो, आ तो मारी बा छे!"

त्यांच्या आईचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता. आई अशीच हसायची म्हणे, अशीच दातांशिवाय. कमळाबेननी उभा फोटो नवऱ्याकडे दिला आणि हा पदरात गुंडाळून आत देवघरात ठेवून आल्या.

बाईंनी पिशवीतून कॅमेरा काढला, कमळाबेनना पडदा दाखवला आणि फोटो पुसून टाकला. चेहऱ्यावर काही नाही. उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या हातून असा फोटो निघाला असता तर मी तो छातीशी धरून बसले असते, आणि ही बाई त्याच्यावर पाणी सोडून शेंगा सोलत होती. फोटोइतकाच मला त्या सोडण्याचाही हेवा वाटला. परतताना माझ्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता, आणि आता कमळाबेनच्या देवघरातली सोडली तर जगात दुसरी प्रत नव्हती.

प्रदर्शनासाठी मी बारा फोटो दिले. बारावा तो होता. खाली माझं नाव.

तोच दारासमोर लागला. उद्घाटनाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. पहाटेचा प्रकाश, धुराची वाट बघणं, माणसाचा विश्वास मिळवणं, असं बरंच. लोक माना डोलवत होते. पहिल्या रांगेत बाई विणत बसल्या होत्या. माझं बोलून झालं तसं त्यांनी सुया खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

मग उठून त्या फोटोपाशी गेल्या. मी पाय ओढत मागे गेले. त्यांनी चष्मा पुसला. बघितलं. पुन्हा बघितलं.

"आला," बाई म्हणाल्या.

दहा वर्षं मी त्या शब्दाची वाट पाहिली होती. बाई अजून फोटोकडेच बघत होत्या.

"फार खालून घेतलास गं. गुडघे बरे आहेत ना आता?"

आजूबाजूला माणसं होती, कुणीतरी माझं अभिनंदन करायला हात पुढे केला, मी तो हातात घेतला.

"कमळाबेनना दाखवलास?" बाईंनी विचारलं. आवाज शाळेत पोरींना टाका चुकला म्हणून सांगताना असायचा तसाच, चढला नाही की पडला नाही.

"नाही."

"मग दाखव. चोरून घेतलेला दाखवावाच लागतो." एवढं बोलून त्या आपली पिशवी घेऊन घरी गेल्या.

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चारचौघांत माझं नाव घेतलं असतं, रडल्या असत्या, निदान माझ्यावर जळल्या असत्या. एकदा तरी. मी त्यांचा सगळ्यात चांगला फोटो चोरला होता आणि त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालन उघडताच मी त्या गृहस्थांना गाठलं आणि सांगितलं की हा फोटो माझा नाही, बाईंचा आहे. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "असा फोटो माझ्याकडे नाही." ते खरंच होतं. गृहस्थांनी मला बरंच ऐकवलं, जे ऐकून घेणं भाग होतं, आणि फोटो उतरवून माझ्या हातात दिला. दारासमोरची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

रविवारी मी फ्रेम कागदात बांधून बसने गावात गेले. कॅमेरा घरी ठेवला होता. कमळाबेनच्या अंगणात आधी खाली बसले, मग कागद सोडला.

"आ क्यांथी?" त्या चकित झाल्या. "बेने तो मारी सामे भूंसी नाख्यो'तो!" बाईंनी तर माझ्यासमोर पुसला होता, हा कुठून आला?

"में चोर्यो," मी म्हटलं. दुकान, पेनड्राइव्ह, प्रदर्शन, सगळं सांगितलं. गुजरातीत सांगणं सोपं गेलं, मराठीत मला ते जमलं नसतं. कमळाबेन ऐकत होत्या. मी रागाची वाट बघत होते. त्यांनी फ्रेमवरून हात फिरवला, काच पदराने पुसली आणि फ्रेम उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"बे बाने हुं क्यां राखुं?" त्या म्हणाल्या. दोन-दोन आया मी कुठे ठेवू? "आ तमे लई जाओ." मग त्यांनी मला चहा दिला. त्यात साखर होती.

मी तशीच नागरवाड्यात बाईंकडे गेले. त्या गॅलरीत उन्हात बसून स्वेटरची बाही उसवत होत्या. मी फ्रेम त्यांच्यापुढे ठेवली. "बाई, त्यांनी परत दिला. म्हणजे आता तुमचा."

"कुणाच्या हातात दिला?"

"माझ्या."

"मग तुझा," बाई म्हणाल्या आणि उसवलेल्या लोकरीचं टोक माझ्या हातात दिलं. "धर जरा, गुंडा करू."

मी दोन्ही हात पुढे धरून बसले आणि त्या लोकर गुंडाळत राहिल्या. वाद घालायची सोयच नव्हती. त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. निवृत्तीनंतर त्या मुलीकडे नाशिकला गेल्या. जाताना बटणांचा डबा फोटोंसकट बरोबर नेला.

फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. दुसरीकडे लावायला जागा होती, पण मी तो इथेच लावला, येणाऱ्याची पहिली नजर जाईल असा. माझे स्वतःचे बक्षिसांचे फोटो आतल्या खोलीत आहेत, ते कुणी विचारत नाही. पाहुणे येतात, चहाचा कप हातात घेऊन त्या फोटोसमोर उभे राहतात, आपोआप हसायला लागतात आणि माझ्याकडे वळून विचारतात, "हा तुम्ही काढलात?"

नाही, मी सांगते. आमच्या शाळेतल्या बाईंनी काढला. आजवर प्रत्येकाला मी हेच सांगितलं आहे. आणि ज्याला हो म्हणावंसं मला वाटलं नाही, असा एकही पाहुणा अजून आमच्या घरी आलेला नाही.